मळीपासून इंधन : पण कोणत्या मळीपासून?

लातूर-धाराशिवकडच्या शेतकऱ्याने ‘यंदा दोन ट्रॉल्या मळी टाकली’ असे सांगितले, तर तो उसाचा रस निवळताना उरलेल्या काळ्या, भुसभुशीत गाळाविषयी बोलत असतो. कारखान्याच्या हिशेबात आणि सरकारी आदेशांत मात्र मळी म्हणजे साखर काढून राहिलेला दाट पाक. पहिलीचा ढीग बांधावर कुजू द्यावा लागतो, कारण ताजी घातली तर ती तापते आणि पिकाची मुळे भाजतात. दुसरी टाकीत राहते आणि तिच्या टनाटनाची नोंद होते. इंधन मात्र दोन्हींपासून बनते : पाक यीस्टने आंबवून इथेनॉल हे अल्कोहोल, गाळ हवाबंद टाकीत कुजवून वायू. त्यामुळे ‘मळीपासून इंधन’ ही बातमी वाचताना मळी कोणती, हे आधी पाहावे लागते, आणि बातमीदार ते क्वचितच सांगतात.

पाकाचे अल्कोहोल वाहनांसाठी वापरण्याचा कायदा १९४८ सालीच झाला होता. प्रत्यक्षात ते अल्कोहोल मद्याकडे आणि ॲसिटिक ॲसिड, इथाइल ॲसिटेट यांसारख्या रसायनांकडे गेले. पेट्रोलमध्ये ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम महाराष्ट्रासह नऊ राज्यांत २००३ मध्ये सुरू झाला.

खरा गुंता २०१८ पासूनचा. तोवर मळी म्हणजे शेवटची, ‘सी’ मळी; तिच्यातून आणखी साखर काढणे परवडत नसे, म्हणून ती टाकाऊ. त्या वर्षी ‘बी-हेवी’, म्हणजे त्याआधीच्या टप्प्यातल्या, मळीच्या इथेनॉलला लिटरमागे ५२.४३ रुपये आणि ‘सी’च्या इथेनॉलला ४३.४६ रुपये असे वेगळे दर ठरले. बी-हेवीत काढता येण्याजोगी साखर मुद्दाम सोडलेली असते. तिला टाकाऊ म्हणणे अवघड आहे, तरी शब्द तोच राहिला.

याच संदिग्धतेवर केंद्र सरकारचा ७ डिसेंबर २०२३ चा आदेश येऊन आदळला. मराठवाड्यात पावसाने ओढ दिलेले ते वर्ष. गळीत हंगाम सुरू झालेला, आणि रसापासून थेट इथेनॉल करण्यास अचानक मनाई. आठवडाभराने, १५ डिसेंबरला, १७ लाख टन साखरेइतक्या मर्यादेत रस व बी-हेवी वापरण्यास मुभा मिळाली. पुढे ‘सी’च्या इथेनॉलला लिटरमागे ६.८७ रुपये जादा देण्यात आले. देशाला साखर कमी पडू नये हे कारण चुकीचे नव्हते, पण कर्जे काढून आसवन्या (अल्कोहोल गाळण्याचे कारखाने) उभारायला सांगून ऐन हंगामात नळ बंद करणे हे धोरण म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील हंगामासाठी निर्बंध उठले. २०१६ साली ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे उसाच्या इंधनाला किती उत्तेजन द्यावे, हा प्रश्न या वादात बाजूलाच पडला.

दोन्ही मळ्यांची गाठ पूर्वीपासून कंपोस्टच्या आवारात पडत आली आहे. लिटरभर अल्कोहोलमागे आसवनीतून ८ ते १५ लिटर तपकिरी सांडपाणी निघते, आणि ते गाळाच्या लांब ढिगांवर फवारून खत केले जाई. आता बऱ्याच ठिकाणी हे पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्यामुळे मोकळा झालेला गाळ, म्हणजे शेतकऱ्याची मळी, २०१८ नंतर वाहनांच्या वायूसाठी मागितला जाऊ लागला. वायू काढल्यावर उरणारा चोथा पुन्हा खत म्हणूनच विकला जातो.