दुचाकी पासिंग : ठाणे आणि नवी मुंबई

मोटारसायकल किंवा स्कूटर रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही, हे प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या (आरटीओ) मोटार वाहन निरीक्षकाने प्रत्यक्ष पाहून ठरवणे, म्हणजे पासिंग. पंधरा वर्षे झालेल्या खासगी गाडीच्या बाबतीत या तपासणीला रिपासिंग म्हणतात. ठाणे शहराच्या गाड्या एमएच-०४ आणि नवी मुंबईच्या एमएच-४३ या क्रमांकाने ओळखल्या जातात. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीचा क्रमांक एमएच-०५, तर पनवेलचा एमएच-४६ आहे. या पट्ट्यात सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या क्रमांकाच्या गाड्याही भरपूर दिसतात. नोकरीसाठी आलेला माणूस गावाकडची बाईक इथेच वापरत राहतो आणि रिपासिंगची वेळ आली की गाडी गावी न्यावी लागणार का, असा प्रश्न त्याला पडतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५२ नुसार गाडी ज्या हद्दीत आहे तिथल्या कार्यालयात अर्ज करता येतो.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते. त्यानंतर ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करायचा असतो. शोरूममधून नवी गाडी घेतली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती आरटीओत दाखवावीही लागत नाही. त्यामुळे घोडबंदर रोडवर रोज धावणाऱ्या बाईकला निरीक्षकाचे तोंड दिसते ते थेट पंधरा वर्षांनी. मधल्या काळात सरकारी नजर फिरते ती फक्त पीयूसी केंद्रावर आणि वाहतूक पोलिसांच्या नाकाबंदीत.

पंधरा वर्षांची गाडी आपोआप भंगारात जाते, हा गैरसमज पक्का रुजलेला आहे. तो दिल्ली परिसरातल्या निर्बंधांवरून आला. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले होते. महाराष्ट्रात तशी सरसकट बंदी नाही. गाडी तपासणीत पास झाली, पर्यावरण कर आणि शुल्क भरले की ती पुढे चालवता येते.

शुल्क मात्र पूर्वीसारखे किरकोळ राहिलेले नाही. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ३०० वरून १,००० रुपयांवर गेले. वीस वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते २,००० रुपये झाले. उशीर झाला तर दर महिन्याला ३०० रुपये जादा. दोन वर्षे विसरलेल्या गाडीचा नुसता विलंब आकारच ७,२०० रुपये होतो, आणि मग सोसायटीच्या कोपऱ्यात उभी असलेली जुनी स्कूटर पास करून घ्यावी की भंगारवाल्याला द्यावी, हा हिशेब सुरू होतो. मुदत संपलेली गाडी चालवणे म्हणजे नोंदणीविना चालवणे. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते.

तपासणीत काय पाहतात

खासगी दुचाकीची तपासणी बहुतांशी डोळ्यांनी होते. निरीक्षक आरसीवरचे तपशील गाडीशी ताडून पाहतो. चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, रंग आणि नंबरप्लेट जुळते का, हे आधी. मग हेडलाइट, टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, हॉर्न, आरसे, टायर, सायलेन्सर आणि ब्रेक. गाडी सुरू करून दाखवावी लागते. इंजिन उघडून कोणी पाहत नाही आणि गाडी शंभर किलोमीटर पळवूनही पाहत नाही. तपासणीच्या दिवशी गाडी जशी उभी आहे तेवढेच तिथे मोजले जाते, म्हणूनच पास झालेली गाडी आणि चांगली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी राहतात.

नापास होण्याची कारणे

पहिला मोठा गट कागदांचा. यात गाडीचा काहीच दोष नसतो. विमा संपलेला, पीयूसी संपलेले, कर्ज फिटून दहा वर्षे झाली तरी आरसीवरचा बँकेचा बोजा तसाच (एचपी, म्हणजे हायपोथेकेशनची नोंद, उतरवली नाही), गाडी विकत घेतली पण नावावर केली नाही, ई-चलने थकलेली. यातले बरेचसे अर्ज गाडी निरीक्षकासमोर जाण्याआधी पोर्टलवरच अडकतात. उच्च सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) हा यातला नवा अडथळा. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती शोरूममधूनच लागून येते. आधीच्या गाड्यांना ती बसवणे महाराष्ट्रात सक्तीचे झाले आणि २०२५ मध्ये त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. दुचाकीसाठी दर ४५० रुपये अधिक जीएसटी. इंग्रजी आकड्यांतला ४१४१ ‘दादा’ आणि २१४ ‘राम’ असा रंगवून घेण्याची जी कला ठाण्यातल्या रेडियमवाल्यांनी जोपासली होती, तिला या प्लेटने जागा ठेवलेली नाही.

दुसरे कारण चेसिस क्रमांक, आणि या खाडीकाठच्या पट्ट्यात त्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. बाईकचा क्रमांक साधारणपणे हँडलखालच्या नळीवर, म्हणजे गाडीच्या मानेवर कोरलेला असतो. स्कूटरमध्ये कंपनीप्रमाणे जागा बदलते आणि ती अनेकदा प्लास्टिकच्या आड असते. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात खाडीवरची खारी हवा. उघड्यावर कव्हर घालून ठेवलेल्या गाडीत ओल कोंडते आणि पंधरा वर्षांत त्या आकड्यांवर गंजाचा पापुद्रा चढतो. पासिंगच्या आदल्या दिवशी घाईने वायर ब्रश किंवा ग्राइंडर फिरवणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय. गंजाबरोबर आकड्याची कडाही जाते, आणि पुसट झालेला ३ आणि ८ यातला फरक कोणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा रॉकेलच्या बोळ्याने मळ सैल करून पुसावे आणि वरून खडू घासावा. पांढरी पूड खाचेत बसते आणि आकडे उठून दिसतात. मग कागद ठेवून पेन्सिलने छाप घेता येतो. आकडे खरोखरच गेले असतील तर आरटीओच्या परवानगीने ते पुन्हा ठोकून घ्यावे लागतात (रिपंचिंग). परस्पर ठोकलेला क्रमांक चोरीच्या गाडीचा संशय ओढवतो.

तिसरा गट दिव्यांचा, आणि हे दोष सर्वांत स्वस्त. ब्रेकलाइट न लागणे हे त्यातले नेहमीचे. बल्ब उडालेला नसेल तर दोष बहुधा स्विचमध्ये सापडतो. मागच्या ब्रेकच्या पेडलला एका बारीक स्प्रिंगने जोडलेला स्विच असतो. ती स्प्रिंग गंजून तुटते किंवा ताणून सैल होते, आणि ब्रेक दाबला तरी मागच्याला कळत नाही. पुढच्या लिव्हरचा स्विच वेगळा असतो, म्हणून दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहावे. तुटलेले इंडिकेटर, उतरवून ठेवलेले आरसे, हेडलाइटमध्ये बसवलेला डोळे दिपवणारा पांढरा एलईडी, चाकाच्या वाल्व्हवर चमकणारे रंगीत दिवे, अनेक सुरांचा हॉर्न हे सगळे याच यादीत येते. नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायला पकड, पायाला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारा गार्ड हवा. साडीगार्ड काढून बाईक ‘स्पोर्टी’ करणाऱ्यांना हा नियम पंधरा वर्षांनी आठवतो.

टायरच्या खाचा दुचाकीसाठी किमान ०.८ मिलिमीटर खोल लागतात. मधोमध सपाट झालेला मागचा टायर लगेच दिसतो. त्यापेक्षा न दिसणारा दोष म्हणजे कडेच्या भेगा. कमी चाललेल्या गाडीच्या टायरला खाचा भरपूर असतात, पण रबर कडक झालेले असते.

खड्ड्यांचे काम वेगळे दिसते. गायमुखचा घाट, मुंब्रा बायपास, पावसाळ्यातला ठाणे-बेलापूर रस्ता अशा रस्त्यांवर दुचाकीचा पुढचा भाग आधी मरतो. कोनसेटला (हँडलच्या नळीतल्या बेअरिंगला) खड्डा पडला की हँडल मधल्या जागी येऊन अडकल्यासारखे होते, सरळ चालताना कळत नाही पण वळताना कळते. फोर्कचे (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे) ऑइल सील गेले की पुढच्या नळ्यांवर तेलाची ओल दिसते आणि डिस्क ब्रेक असेल तर ते तेल ब्रेकवर उतरण्याचा धोका असतो. रिम वाकली असेल तर गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक फिरवले की लचका दिसतो. तपासणीच्या रांगेत हे दोष निसटू शकतात. गॅरेजमध्ये निसटत नाहीत, आणि जिवाला खरा धोका असतो तो यांचाच.

सायलेन्सर हा स्वतंत्र विषय आहे. फटाके फोडणारा सायलेन्सर लावलेली बुलेट पासिंगला येते तेव्हा तिला मूळ सायलेन्सर परत बसवलेला असतो, आणि संध्याकाळी तो पुन्हा उतरतो. निरीक्षकाला हे माहीत असते, गॅरेजवाल्यालाही असते. कायद्यात कलम १९०(२) खाली दंड आहे आणि राज्यातल्या अनेक शहरांत पोलीस जप्त सायलेन्सरवर रोड रोलर फिरवतात, पण पंधरा वर्षांतून एकदा होणारी तपासणी या सवयीला आळा घालू शकत नाही.

पीयूसी

नोंदणीनंतर एक वर्षाने पेट्रोलवरच्या प्रत्येक दुचाकीला प्रदूषण प्रमाणपत्र (पीयूसी) लागते. बीएस-४ (भारत स्टेज हे धुराचे सरकारी मानक) आणि पुढच्या गाड्यांना ते वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिने. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४,५०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) ही मर्यादा. त्या तारखेआधीच्या दुचाकींना ४.५ टक्के आणि ९,००० पीपीएम. एवढ्या सवलतीमुळेच यामाहाच्या आरएक्स-१०० सारख्या टू-स्ट्रोक गाड्या, धूर सोडत का होईना, अजून काही शौकिनांकडे कागदोपत्री जिवंत आहेत.

कार्बुरेटरची गाडी पीयूसीत अडकली तर आधी एअर फिल्टर पाहावा. तो धुळीने तुंबला की हवा कमी पडते, पेट्रोल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. मग स्पार्क प्लग आणि कार्बुरेटरचे सेटिंग. हायड्रोकार्बन फार जास्त येत असेल तर प्लगला ठिणगी चुकत असल्याचा किंवा पिस्टन रिंग गेल्याचा संशय घ्यावा. थंड इंजिनवर आकडा फुगतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटे चालवून केंद्रावर जावे. गंजून भोक पडलेल्या सायलेन्सरमध्ये बाहेरची हवा मिसळते आणि आकडा उलट खोटा कमी दिसतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत इंधनाचे प्रमाण सेन्सर आणि संगणक ठरवतात. तिथे बाजारातला सायलेन्सर लावणे म्हणजे बहुतेकदा धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे.

निकाल

खासगी दुचाकीचा निकाल पास किंवा नापास एवढाच असतो. पास झाली की नोंदणी पाच वर्षांनी वाढते आणि नवे आरसी कार्ड निघते. दोष निघाला तर दुरुस्त करून गाडी पुन्हा आणावी लागते. दुरुस्ती परवडत नसेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन नोंदणी रद्द करून घेणे हा स्वच्छ मार्ग. आरसी रद्द न करता भंगारवाल्याला दिलेली गाडी मालकाच्या नावावरच राहते.

व्यवसायासाठी नोंदलेल्या दुचाकींचे नियम कडक आहेत. त्यांना योग्यता प्रमाणपत्र लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन-दोन वर्षांसाठी मिळते, नंतर दरवर्षी. महाराष्ट्राने २०२५ मध्ये इलेक्ट्रिक बाईक टॅक्सीला परवानगी दिल्याने हा वर्ग वाढणार आहे.

इतरत्र

ब्रिटनमध्ये तीन वर्षांनंतर मोटारसायकलची दरवर्षी तपासणी (एमओटी) होते आणि २०१८ पासून दोष धोकादायक, मोठे आणि किरकोळ अशा वर्गांत नोंदवले जातात. पहिले दोन असतील तर गाडी नापास. जर्मनीत ही फेरी दोन वर्षांनी येते. जपानमध्ये २५० सीसीपेक्षा मोठ्या गाडीला पहिल्या तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणी आहे, लहान गाड्यांना नाही. ब्रिटनमध्ये नंबर टाकला की त्या गाडीच्या जुन्या तपासण्यांत काय काय निघाले हे कोणालाही ऑनलाइन वाचता येते. ठाण्यात सेकंड-हँड बाईक घेणाऱ्याला एम-परिवहन ॲपवर नोंदणीची मुदत, विमा आणि पीयूसीची तारीख दिसते. कोनसेट, सील आणि रिमसाठी त्याला आपला मेकॅनिक बरोबर न्यावा लागतो.