क्राऊन-पिनियन सेटिंग

मोटारीच्या मागील ॲक्सलमधील मोठे क्राऊन चाक व त्याला फिरवणारी लहान पिनियन ही दातेरी जोडी बदलल्यावर ती अचूक जुळवून बसवण्याचे काम. ही नोंद बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात हौसेने जपलेल्या ॲम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी व महिंद्रा जीप अशा जुन्या गाड्यांपुरती आहे.

क्राऊनला जोडलेल्या डिफरन्शियलच्या (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी रचना) उगमाबद्दल मतभेद आहेत. चीनमधील दक्षिणदर्शी रथ (ज्यावरील बाहुली नेहमी दक्षिण दाखवी; इ. स. तिसरे शतक) डिफरन्शियलवर चालत असावा, असे ब्रिटिश मोटार अभियंता जॉर्ज लँचेस्टर यांनी १९४७ मध्ये सुचवले. परंतु चीनच्या सोंग काळातील वर्णनात (१०२७) दातेरी चाके आलटून पालटून गुंतवण्या-सोडवण्याची रचना दिसते. त्यामुळे लँचेस्टर यांची मांडणी कल्पक असली तरी तिला आधार कमी पडतो. अँटिकिथेरा या प्राचीन ग्रीक खगोलयंत्रात इतिहासकार डेरेक प्राइस यांना दिसलेले डिफरन्शियलही नंतरच्या अभ्यासकांनी बहुतांशी नाकारले आहे. वाहनापुरता विचार केल्यास पॅरिसचे घड्याळजी ओनेसिफोर पेकर यांच्या पेटंटपासून (१८२७-२८ च्या सुमारास) सुरुवात मानणे सयुक्तिक ठरते. पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्याखाली नेणारे हायपॉइड दाते अमेरिकेतील ग्लीसन कंपनीने १९२० च्या दशकाच्या मध्यास पुढे आणले. मोटारीत ते प्रथम पॅकार्डने वापरले, असे सर्वसाधारणपणे मानतात.

क्राऊन व पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून तयार होतात, म्हणून नेहमी जोडीनेच बदलतात. दोन्हींवर कोरलेला जोडक्रमांक एकच आहे ना, हे विकत घेतानाच पाहावे. सीजे-३बी जीपच्या ८ व ४३ दात्यांच्या जोडीत (प्रमाण ५.३८) प्रत्येक दाता कालांतराने समोरच्या प्रत्येक दात्याला भेटतो. १० व ४० अशा संख्यांत तसे होत नाही. तेथे खुणा असतील तर त्या जुळवूनच बसवावे लागते.

कामाचा गाभा म्हणजे पिनियनची खोली. पिनियनचे डोके व आतील बेअरिंग यांच्यामध्ये, काही ॲक्सलमध्ये बेअरिंगच्या कपामागे, शिम (धातूची पातळ चकती) घालून ती ठरते. पिनियनवर अधिक-उणे चिन्हासह कोरलेला आकडा म्हणजे त्या नगाचा प्रमाण खोलीपासूनचा फरक. जीपच्या स्पायसर ॲक्सलमध्ये अधिक आकड्याला शिम कमी व उणे आकड्याला जास्त लागते. जुन्यावर +२ आणि नव्यावर −१ असेल, तर जुन्या शिमच्या जाडीत ३ थाउ (इंचाचे हजारावे भाग, सुमारे ०.०८ मिमी) वाढवून सुरुवात करतात. चिन्हांचा अर्थ सर्व उत्पादकांचा सारखा नसतो. येथे अंदाजाने गेल्यास नवी जोडीही लवकर खराब होते. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात ग्राइंडिंग करून शिम हव्या त्या जाडीची करून घेता येते.

मग पिनियन बेअरिंगचा ताण, म्हणजे ते किती घट्ट आवळले आहे ते. पिनियनच्या टोकावरील फ्लँजला दोरा गुंडाळून स्प्रिंगकाट्याने सावकाश ओढतात. फिरताना दिसणारा किलोचा आकडा गुणिले फ्लँजची त्रिज्या, म्हणजे ताण. काही ॲक्सलमध्ये दोन बेअरिंगांच्या मध्ये, नट आवळताना चेपणारी नळी (स्पेसर) असते; ती एकदाच वापरायची असते. नट जास्त आवळला गेल्यास तो सैल करून भागत नाही, नळी नवीच घालावी लागते.

यानंतर बाजूच्या शिम किंवा ॲडजस्टर नटांनी क्राऊन सरकवून प्ले (दात्यांमधील किंचित मोकळीक) ठेवतात. डायल गेजवर तो बहुतेक जुन्या मोटारींत ५ ते ८ थाउ (०.१३ ते ०.२० मिमी) असतो, गाडीच्या कार्यपुस्तिकेतील आकडा मात्र प्रमाण. तो क्राऊनवर तीन-चार ठिकाणी मोजावा.

अंतिम निर्णय दात्यांवरील ठशाचा. यासाठी निळ, किंवा जुन्या पद्धतीनुसार तेलात कालवलेला शेंदूर, दात्यांना लावून जोडी फिरवतात; दाते जेथे टेकतात तेथे ठसा उमटतो. शेंदूर शिशाचा असतो, त्यामुळे हात धुतल्याशिवाय खाऊ नये. ठसा दात्याच्या माथ्याकडे आला तर पिनियन आत (क्राऊनकडे) घ्यावी, मुळाशी आला तर बाहेर. दात्याच्या आतील टोकाकडे आल्यास क्राऊन पिनियनपासून दूर, बाहेरील टोकाकडे आल्यास जवळ. खोली बदलली की प्ले बदलतो, तो पुन्हा लावावा लागतो. जीपमध्ये ॲक्सलचे मागचे झाकण काढून ठसा जागेवरच पाहता येतो. ॲम्बॅसडरचे डिफरन्शियल समोरून बाहेर निघते, म्हणून हे सारे बाकावर होते.

पुष्कळदा फक्त ओढीच्या बाजूचा ठसा पाहून काम आटोपते. सीमाभागात ते पुरेसे नाही. बेळगावहून गोव्याकडे चोर्ला किंवा सावंतवाडीकडे आंबोली घाट उतरताना इंजिन गाडीला आवरून धरते आणि भार दात्यांच्या दुसऱ्या बाजूवर येतो. तो ठसाही मधोमध हवा. हायपॉइड दाते एकमेकांवर घसरत फिरत असल्याने त्यांना ईपी (अतिदाब सहन करणाऱ्या) प्रकारचेच गिअर तेल लागते. पहिले काही शे किलोमीटर ओझे व वेग माफक ठेवून नंतर तेल बदलतात.