अल्फा ०.८१ आला, म्हणून अनुवाद जमला का?

मानसिक ताण मोजणारी परदेशी प्रश्नावली मराठीत आणली की प्रबंधात एक वाक्य हमखास सापडतं: ‘क्रॉनबॅक अल्फा ०.८१ आला, त्यामुळे अनुवाद विश्वसनीय आहे.’ यातला आकडा खरा असतो, पण त्यावरून अनुवाद चांगला ठरत नाही. हा अल्फा, म्हणजे प्रश्नांची आपसातली एकजूट दाखवणारा आकडा, नेमका काय मोजतो ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यामागचं गणित फार सुंदर आहे.

रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांची के-१० प्रश्नावली घेऊ. तिच्यात दहा प्रश्न आहेत, सगळे गेल्या तीस दिवसांबद्दल: निराश किती वेळा वाटलं, बेचैनी किती वेळा आली, कारण नसताना थकवा किती वेळा जाणवला. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण गुण १० ते ५०.

आता प्रत्येक प्रश्नाच्या गुणांचं प्रचरण, म्हणजे माणसामाणसांतला फरक दाखवणारी संख्या, १ आहे असं धरू. प्रश्नांचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल, तर एकूण गुणांचं प्रचरण नुसत्या बेरजेइतकं, १० येईल. पण निराश माणूस बहुधा बेचैनही असतो. समजा, कोणत्याही दोन प्रश्नांतला सहसंबंध, म्हणजे ते किती एकत्र हलतात हे दाखवणारी संख्या, ०.३ आहे. दहा प्रश्नांत एकमेकांशी ९० नाती होतात (प्रत्येक जोडी दोनदा मोजायची), म्हणून २७ ची भर पडते आणि एकूण प्रचरण ३७ होतं. या ३७ मधले सुटे १० बाजूला काढले की उरतो तो प्रश्नांनी मिळून हलण्याचा वाटा: २७/३७, म्हणजे ०.७३. त्याला १०/९ ने गुणलं की ०.८१. ली क्रॉनबॅक यांनी १९५१ साली मांडलेला अल्फा तो हाच. १०/९ कशासाठी? सगळे प्रश्न तंतोतंत एकत्र हलले तर उत्तर बरोबर १ यावं म्हणून.

सहसंबंध तोच ०.३ ठेवून प्रश्न वीस करा. प्रचरण १३४ होतं आणि अल्फा ०.९० वर जातो! एकही प्रश्न सुधारलेला नाही, फक्त संख्या वाढली. एकच प्रश्न शब्द फिरवून तीनदा विचारला, किंवा कंटाळलेल्या माणसाने सगळीकडे तोच पर्याय निवडला, तरी अल्फा फुगतो. म्हणून प्रत्येक प्रश्नाचा उरलेल्या प्रश्नांच्या बेरजेशी असलेला सहसंबंध वेगळा तपासावा. अनुवादात बिघडलेला प्रश्न बऱ्याचदा तिथे सापडतो. पुनर्चाचणीही घ्यावी, म्हणजे त्याच माणसांना काही काळाने तेच प्रश्न पुन्हा विचारावेत, पण जपून: ताण स्वतःच बदलतो, त्यामुळे महिन्याभराने गुण बदलले तर दोष प्रश्नावलीचा की दिवसांचा, हे सांगता येत नाही.

आणि हे सगळं जमलं तरी सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का, हा प्रश्न उरतोच. सगळे प्रश्न एकजुटीने भलतंच काही मोजू शकतात. मोबाइलवर ‘दहा प्रश्नांत ओळखा तुमचं डिप्रेशन’ म्हणून फिरणाऱ्या चाचण्यांवर विसंबून कोणी स्वतःवर शिक्का मारून घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. खरी कसोटी कशी घ्यायची हे गोव्यात झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसतं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्यसेवेसाठी आलेल्या रुग्णांवर के-१० सह पाच प्रश्नावल्या वापरल्या, आणि त्यांचे निकाल ठरावीक पद्धतीने घेतलेल्या निदान-मुलाखतीशी ताडून पाहिले. कितीपुढचे गुण चिंतेचे मानायचे, ही सीमारेषा अशा तुलनेतूनच ठरवता येते. अल्फा कितीही मोठा असला तरी त्यातून ती मिळत नाही.