शाळेच्या पाटीवरची माणसं : सातारा-सांगलीतल्या शाळांच्या नावांची पार्श्वभूमी

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' अशी ती नोंद आहे. हायस्कूल तेव्हा जुन्या राजवाड्यात भरायचं. बाबासाहेबांच्या या शाळाप्रवेशाची आठवण म्हणून २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या निमित्ताने 'छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल' हे शाळेचं आजचं नाव सगळ्या महाराष्ट्राच्या कानावर पडतं. शाळेत शिकून गेलेला मुलगा सगळ्यांना माहीत झाला. ज्यांचं नाव शाळेला आहे ते प्रतापसिंह महाराज मात्र सातारच्या पोरांनाही 'कुणीतरी एक छत्रपती' यापलीकडे फारसे माहीत नसतात. त्यांच्यापासूनच सुरुवात करायला हवी.

प्रतापसिंह महाराज १८०८ मध्ये गादीवर आले ते नावालाच. सत्ता पेशव्यांच्या हाती होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी सातारचं छोटं राज्य त्यांच्या हवाली केलं आणि पुढची वीसएक वर्षं या माणसाने राजाने करायची कामं मन लावून केली. रस्ते बांधले, शहराला पाणी आणलं, छापखाना घातला, शिक्षणाला हात घातला. महाबळेश्वरचा रस्ता त्यांच्याच काळातला. पुढे कंपनी सरकारशी त्यांचं बिनसलं, कटाचे आरोप झाले आणि सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला नेऊन ठेवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथे झगडत राहिले. महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले. पुढच्याच वर्षी डलहौसीने सातारचं राज्य खालसा केलं. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम १८५७ च्या धामधुमीत साताऱ्यात फासावर गेला.

म्हणजे ज्या राजाला इंग्रजांनी हाकललं, त्याच्याच घराण्याच्या वाड्यात इंग्रज सरकारचं हायस्कूल भरत होतं, आणि स्वातंत्र्यानंतर त्या शाळेला त्याच राजाचं नाव मिळालं. मला या नामकरणात नुसती घराण्याबद्दलची भक्ती दिसत नाही. शंभर वर्षांपूर्वी झालेल्या एका अन्यायाची ती उशिरा केलेली दुरुस्ती आहे. त्याच वाड्यात रामजी सुभेदारांचा मुलगा १९०४ पर्यंत शिकला. एका पाटीमागे असे दोन इतिहास आहेत आणि दोन्ही मुलांना सांगण्यासारखे आहेत.

इंग्रजी अमदानीत शाळा-कॉलेजांना नाव मिळायचं ते बहुधा संस्थानिकाचं नाहीतर साहेबाचं. सांगली-मिरजेच्या मधे विश्रामबागेत डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये कॉलेज काढलं ते लॉर्ड विलिंग्डनच्या नावाने. १९१३ ते १९१८ या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. स्वातंत्र्यानंतरही ते नाव टिकलं आणि आता तर सांगलीकर 'विलिंग्डनला होतो' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कुणी गव्हर्नर नसतो. याच सोसायटीने त्याआधी, १८९९ मध्ये, साताऱ्यात शाळा काढली होती. तिचं नाव 'न्यू इंग्लिश स्कूल', पुण्यातल्या १८८० च्या मूळ शाळेवरून घेतलेलं. ते मूळ रोप लावणाऱ्यांतले गोपाळ गणेश आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. गरिबीत, आज इथे उद्या तिथे राहून शिकलेले. कराडचं सर्वांत परिचित हायस्कूल मात्र टिळकांच्या नावाचं आहे. यशवंतराव चव्हाण याच टिळक हायस्कूलचे विद्यार्थी, आणि शाळकरी वयातच ते स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढले गेले. टिळकांबद्दलचा आदर गावागावांत होताच, तो पाटीवर उतरला. तरी टेंभूच्या मुलाची आठवण कराड परिसराने आणखी ठळकपणे ठेवायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

संस्थानिकांपैकी कुंडलच्या हायस्कूलचं नाव वेगळं काढून सांगावंसं वाटतं. कुंडल हे औंध संस्थानातलं गाव आणि तिथल्या शाळेचं नाव 'प्रतिनिधी हायस्कूल', औंधच्या पंतप्रतिनिधींवरून आलेलं. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये स्वतःच्या राज्यात घटना लागू करून कारभार प्रजेच्या हाती दिला. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, चित्रकार असलेले हे राजे. पुढे चारच वर्षांत याच कुंडल परिसरात प्रतिसरकारचं, म्हणजे इंग्रजांना समांतर असं लोकांनी चालवलेल्या सरकारचं, बळ उभं राहिलं. राजाचं नाव असलेली शाळा आणि भूमिगतांचा बालेकिल्ला एकाच गावात, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही, कारण राजाच तसा होता.

आता रयत शिक्षण संस्थेकडे वळू. आपल्या भागातल्या शाळांच्या नावांचा खरा खजिना तिथे आहे.

भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले इथे संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. साताऱ्यातल्या त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीत जेवायची. १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यात आले तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. शाहू महाराजांना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. ब्राह्मणेतर चळवळीतून आलेला कार्यकर्ता, कोल्हापूरच्या राजाचं नाव आणि ते द्यायला गांधीजी, असा योग महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच जुळला असेल. भाऊरावांना या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येणाऱ्या वाटल्या नाहीत, आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या नामकरणांत हाच मोकळेपणा दिसतो.

१९३५ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षक घडवण्यासाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. ते वर्ष पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचं. म्हणून नाव पडलं 'सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज'. तेच आजचं 'महात्मा फुले अध्यापक विद्यालय'. जोतीरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव. दोघंही मुळात याच जिल्ह्यातले. खेड्यापाड्यांत पाठवायचे मास्तर जिथे तयार होतात, त्या जागेला फुल्यांचं नाव लागणं यापेक्षा योग्य काय असणार?

१९४० मध्ये साताऱ्यात रयतचं पहिलं हायस्कूल सुरू झालं, मोफत आणि निवासी. नाव 'महाराजा सयाजीराव हायस्कूल'. बडोद्याचे सयाजीराव आदल्याच वर्षी वारले होते. त्यांनी आपल्या संस्थानात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. ब्रिटिश हिंदुस्थानात त्यासाठी नुसत्या मागण्या चालू होत्या. १९१३ मध्ये आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले तेही सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. राजवाड्यातल्या शाळेत शिकलेला मुलगा आणि सयाजीराव हायस्कूल यांच्यातला हा धागा त्याच शहरात राहून आपण कधी जोडून पाहत नाही.

देणगी आणि नाव यांचा विषय निघाला की रयतेत एक गोष्ट हटकून सांगितली जाते. साताऱ्यातल्या छत्रपती शिवाजी कॉलेजला (स्थापना १९४७) एक धनिक मोठी रक्कम द्यायला तयार होता. अट एवढीच, की कॉलेजला त्याने सुचवलेलं नाव द्यायचं. एक वेळ जन्मदात्या बापाचं नाव बदलेन, पण शिवाजी महाराजांचं बदलणार नाही, असं भाऊरावांनी त्याला सुनावलं म्हणतात. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडा हलतो. पण संस्थेला तेव्हा पैशाची किती चणचण होती हे पाहिलं की त्या नकाराचं वजन कळतं. बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले होते, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. लक्ष्मीबाई १९३० मध्येच गेल्या. संस्थेची पहिली मोठी देणगीदार कोण असं कुणी विचारलं, तर मी त्यांचंच नाव घेईन.

म्हणून देणगीदारांच्या नावाच्या शाळा कमी प्रतीच्या, असं मात्र मी म्हणणार नाही. कुणी जमीन दिली, कुणी पहिल्या खोल्या बांधल्या, तर गावाने त्याच्या आईवडिलांचं नाव शाळेला द्यावं ही सरळ कृतज्ञता आहे. खटकतं ते वेगळंच. सांगलीचं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग १९४७ मध्ये सुरू झालं ते 'न्यू इंजिनिअरिंग कॉलेज' म्हणून, धोंडूमामा साठ्यांच्या धडपडीतून. १९५५ मध्ये त्याला वालचंद हिराचंद यांचं नाव मिळालं. वालचंद मोठेच उद्योजक होते, त्यांच्या नावाला कुणाची हरकत असायचं कारण नाही. पण या कॉलेजातून बाहेर पडलेल्या किती इंजिनिअरांना धोंडूमामा ठाऊक आहेत? नाव देताना आधीच्या माणसाची आठवणही जपायची सोय आपल्याकडे कुणी केली नाही.

१९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलं काढण्याचा संकल्प केला. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत 'महात्मा गांधी विद्यालय' का दिसतं, त्याचं एक मोठं कारण हे. वरवर पाहिलं तर सगळीकडे एकच नाव, स्थानिक असं काहीच नाही. पण हत्येनंतर आपल्या भागात जाळपोळ झाली, घरं पेटली, माणसं परागंदा झाली. त्याच मुलखात एक माणूस त्याच नावाने शाळा उघडत हिंडतो, तेव्हा ते नाव अगदी इथलं होऊन जातं.

आणि मग बेचाळीसची नावं. यांच्याइतकी या मातीतली दुसरी नाहीत.

तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. १ ऑगस्ट १९४९ ला 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. बेचाळीसच्या लढ्यात वाळवा, तासगाव, खटाव, कराड हे सगळे तालुके एकाच सातारा जिल्ह्यातले, आणि कचेऱ्यांवरचे मोर्चेही एकामागोमाग एक निघाले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला. वडगाव जयराम स्वामी गावचे परशुराम घार्गे हातात तिरंगा घेऊन पुढे होते. गडी पैलवान. पोलिसांनी गोळीबार केला, परशुराम पडले आणि त्यांच्याबरोबर आणखी आठ जण. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात गोळीबार झाला. त्यात किरलोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि विष्णू भाऊ बारपटे गेले. आज वडूजमध्ये 'हुतात्मा परशुराम विद्यालय' आहे. ज्या गावात तो माणूस छातीवर गोळी घेऊन पडला, त्याच गावातली पोरं रोज त्याच्या नावाच्या फाटकातून आत जातात. शाळेला नाव देण्याचं यापेक्षा सबळ कारण मला सुचत नाही.

वाळव्याला 'हुतात्मा किसन अहिर विद्यालय' आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखालच्या प्रतिसरकारात नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने काम करणारा हा तरुण १९४६ मध्ये शिराळा तालुक्यातल्या मणदूरजवळ पोलिसांशी झालेल्या चकमकीत गेला. त्याच चकमकीत नानकसिंग गेले, आझाद हिंद सेनेतून आलेले, इथल्या तरुणांना बंदूक चालवायला शिकवणारे. स्वातंत्र्य तोंडावर आलं असताना गेलेली ही माणसं. नागनाथअण्णांनी पुढे साखर कारखाना काढला तोही किसन अहिरांच्या नावाने, स्वतःच्या नाही. सहकाराच्या पट्ट्यात हे विशेष आहे. अण्णांचं नाव कारखान्याच्या पाटीवर आलं ते त्यांच्या निधनानंतर.

या सगळ्या पाट्यांवर बायका फार कमी भेटतात. सांगलीत राणी सरस्वतीदेवी कन्याशाळा आहे, साताऱ्यात जिजामातेच्या नावाचं अध्यापक विद्यालय आहे. सावित्रीबाईंचं नाव आता बऱ्याच ठिकाणी दिसतं. पण प्रतिसरकारच्या काळात भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, घरात हत्यारं लपवणाऱ्या शेकडो बायका याच गावांतल्या होत्या. इंदुताई पाटणकरांसारख्या काही जणी तर थेट चळवळीत होत्या. त्यांच्या वाट्याला किती पाट्या आल्या? यापुढे नवी शाळा, नवी इमारत किंवा नुसतं वाचनालय झालं, तरी ग्रामसभेने हा प्रश्न आधी घ्यावा असं माझं मत आहे.

शेवटी त्या शाळा, ज्यांना कुणाचंच नाव नाही. भाऊरावांनी ज्या गावांत शाळा नव्हती तिथे 'व्हॉलंटरी शाळा' काढल्या, पाचशेहून अधिक. देवळात, चावडीत, कुणाच्या तरी सोप्यात वर्ग भरायचे आणि मास्तर बहुधा त्या ट्रेनिंग कॉलेजातून आलेला असायचा. स्वातंत्र्यानंतर या शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे गेल्या, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा झाल्यावर परिषदेकडे. आज त्यांच्या पाटीवर 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा' आणि पुढे वाडीचं नाव, एवढंच असतं. पहिला मास्तर कोण, वर्ग कुणाच्या सोप्यात भरला, इमारतीला जमीन कुणी दिली याचा माग जनरल रजिस्टरच्या पहिल्या पानांवर, जुन्या सात-बारावर आणि वाडीतल्या नव्वदीच्या माणसांकडे लागतो. पाटण, जावली, शिराळ्याच्या डोंगरी वाड्यांत पट कमी होऊन शाळा बंद पडायला लागल्या आहेत. तिथली रजिस्टरं केंद्रशाळेच्या कपाटात जायच्या आत ही माहिती उतरवून घेणं प्रत्येक गावाच्या हातात आहे.