घरात नवीन पिल्लू आलंय आणि कॅम्परव्हॅननं फिरायला जायचंय? बुकिंगच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

आमच्याकडं साताऱ्यात कॅम्परव्हॅन (आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) बुक करायला येणाऱ्यांत हल्ली कुत्रं सोबत नेणारे बरेच असतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या घरी पिल्लू नुकतंच आलेलं असतं. सगळ्यांचा प्रश्न एकच, पिल्लू गाडीत राहील ना? राहतं हो, छान राहतं, फक्त त्याला आधी उभी गाडी ओळखीची होऊ दे आणि ती हलते हे नंतर कळू दे. होतं काय, लोक शनिवारी सकाळी गाडी ताब्यात घेतात, सामान भरतात, गडबडीत पिल्लाला आत ठेवतात आणि निघाले थेट वाईवरनं पसरणी घाटानं पाचगणीला. त्या बिचाऱ्याला नवीन वास, नवीन आवाज, पायाखालची जमीन हलतीय आणि वर वळणावर वळणं, सगळं एकदम. मग ते ओकतं, रडतं, आणि पुढच्या वेळी गाडीचं दार उघडलं की लपून बसतं. ही भीती बसायला एक ट्रिप पुरते आणि काढायला महिने जातात, म्हणून हे पत्रक.

वय आणि लसी

८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असा २०१७ पासून नियमच आहे, म्हणजे तुमच्या घरी येतं तेव्हा ते दोनेक महिन्यांचं असायला पाहिजे. आणि नवीन गोष्टी न घाबरता स्वीकारायचं पिल्लाचं वय असतं साधारण ३ ते १४ आठवडे. म्हणजे गाडीची ओळख करून द्यायला हाच काळ सगळ्यात चांगला, आणि नेमकं याच काळात लसीकरण अर्धवट असतं. पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांना, मग दर ३-४ आठवड्यांनी बूस्टर असं १६ आठवड्यांपर्यंत चालतं, रेबीजची लस ३ महिन्यांना. तोपर्यंत खरी भीती पार्वोची, म्हणजे उलट्या-जुलाबांनी पिल्लाचा जीव घेऊ शकणाऱ्या आजाराची, त्याचा व्हायरस मातीत महिनोन्महिने टिकतो, आजारी कुत्रं कधी येऊन गेलं हे बघून कळत नाही. त्यामुळं लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला गाडीत बसवा, कडेवर घेऊन बाहेरचं सगळं दाखवा, माणसं, ट्रॅक्टर, म्हशी, काय दिसेल ते, पण ढाब्याच्या मागं किंवा पेट्रोल पंपाच्या गवतावर खाली सोडू नका. मुक्कामाची मोठी ट्रिप लसी पूर्ण झाल्यावर, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

आधी उभी गाडी

ज्यांनी बुकिंग केलंय त्यांनी ट्रिपच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लाला घेऊन आमच्या यार्डात या, उभ्या गाडीत बसायचे आम्ही पैसे घेत नाही. येताना त्याची घरातली गोधडी किंवा चादर आणा, आणि धुऊन आणू नका, घरचा वास असलेलीच पाहिजे. दार उघडं ठेवायचं, इंजिन बंद, तुम्ही आत जाऊन खाली बसायचं आणि गप्पा मारायच्या. पिल्लाला ओढायचं नाही, उचलून आत टाकायचं नाही. ते दाराशी येईल, वास घेईल, मागं फिरेल, परत येईल, येऊ द्या. पायरीपाशी मात्र त्याला उचलूनच घ्या, एक हात छातीखाली आणि एक हात मागच्या पायांखाली, कारण आमच्या गाडीची पायरी उंच आहे आणि एवढ्या लहान वयात उडी मारून सांध्यांना इजा होऊ शकते. आत गेल्यावर त्याचं दुपारचं जेवण तिथंच द्या. जेवून गोधडीवर झोपलं की समजा निम्मं काम झालं.

मग आवाज. व्हॅनमध्ये घरात नसलेले आवाज भरपूर असतात, सिंकचा नळ सोडला की पाण्याचा पंप घर्रर्र करतो, छतावरचा फॅन, फ्रिज, बाहेरचा जनरेटर. मागं सांगलीचं एक कुटुंब लॅब्राडॉरचं पिल्लू घेऊन आलं होतं, पंप वाजला की ते सीटखाली घुसायचं आणि बाहेरच येईना. त्यांची शाळेतली मुलगी खाली मॅटवर मांडी घालून बसली, मूठभर उकडलेलं चिकन बारीक करून घेतलं, आणि आईला सांगितलं तू नळ अगदी थोडा सोड. पंप वाजला की एक तुकडा खाली, पंप बंद की हात बंद. कुणी त्याला बाहेर ओढलं नाही, हाका मारल्या नाहीत. थोड्या वेळानं आधी नाक बाहेर आलं, मग पुढचे दोन पाय, आणि शेवटी शेवटी तर पंप वाजला की ते पंपाकडं बघायचंच नाही, त्या पोरीच्या हाताकडं बघायचं. एवढंच करायचंय, प्रत्येक आवाजाला. जनरेटर मात्र आधी लांबनं ऐकवा.

जांभया यायला लागल्या, सारखं ओठ चाटतंय, कान मागं गेलेत, खाऊ पुढं असून खात नाही, याचा अर्थ त्याला झेपत नाहीये. झोप आली म्हणून सोडून देऊ नका. तिथंच थांबा, बाहेर काढा, उद्या परत.

इंजिन आणि पहिली चक्कर

आवाजांची सवय झाली की इंजिन चालू करून नुसतं उभं राहायचं, मग यार्डातल्या यार्डात एक गोल. पहिली रस्त्यावरची चक्कर दहा-पंधरा मिनिटांचीच ठेवा. आम्ही सगळ्यांना संगम माहुली सुचवतो, शहराच्या जवळ, रस्त्यात घाट नाही, आणि तिथं कृष्णा-वेण्णेच्या संगमावर साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्यानं वाघापासून महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात. कुत्र्याला एवढा मान देणारं आपलं गाव आहे, तेव्हा पिल्लाला कडेवर घेऊन तिथं एक नमस्कार घालून यायला काय हरकत आहे. मुद्दा असा की पहिल्या चकरांच्या शेवटी त्याला काहीतरी चांगलं मिळू दे. गाडीत बसलं की दरवेळी दवाखान्यातच उतरायचं असेल तर कुठलं पिल्लू खुशीनं बसेल?

त्यानंतर कोरेगावच्या बाजूला अर्धा तास, मग तासभर, मग यार्डातच किंवा घरासमोर गाडीत एक रात्र झोपून बघा, आणि घाट सगळ्यात शेवटी. कुणाचं चार दिवसांत होतं, कुणाला महिना लागतो. आधी मार खाल्लेलं किंवा रस्त्यावरनं उचलून आणलेलं पिल्लू असेल तर जास्तच वेळ द्या.

उलटी होते त्याचं काय

पिल्लांना गाडी लागणं खूप कॉमन आहे, कारण तोल सांभाळणारा आतल्या कानाचा भाग अजून पूर्ण तयार झालेला नसतो. वर्षाचं होईपर्यंत बहुतेकांचं आपोआप कमी होतं. तोंडातनं लाळ गळायला लागली की उलटी जवळ आली समजायचं. निघायच्या ३-४ तास आधी जेवण उरकून घ्या, अगदी छोट्या जातीचं किंवा फारच लहान पिल्लू असेल तर जास्त वेळ उपाशी ठेवू नका, त्यांची साखर पटकन उतरते, त्यांच्याबाबत डॉक्टर सांगतील तसं करा. पाणी थोडं थोडं देत राहा. जागा गाडीच्या मधोमध निवडा, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये हेलकावे कमी बसतात, मागच्या बेडवर सगळ्यात जास्त. खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, डोकं बाहेर काढू देऊ नका. आणि जो कोण गाडी चालवतोय त्यानं घाटात कृपा करून सावकाश चालवा, ही साडेतीन टनाच्या आसपासची उंच गाडी आहे, वळणावर पुढं तुम्हाला कळत नाही पण मागं खाली बसलेल्याला सगळं कळतं. आपल्या माणसांच्या गोळ्या अंदाजानं तोडून अजिबात देऊ नका, कुत्र्यांसाठी वेगळी औषधं मिळतात आणि ती डॉक्टरच वजन बघून देतात. ओकलं तर ओरडू नका. पुसून काढा, आम्ही प्रत्येक गाडीत कापडं आणि बादली ठेवतोच.

चालत्या गाडीत मोकळं सोडायचं नाही

यावर आम्ही कडक आहोत. मांडीवर नाही, ड्रायव्हरच्या पायाशी तर नाहीच, आणि पुढच्या एअरबॅगच्या सीटवर पण नाही. अचानक ब्रेक लागला तर पिल्लू पुढं फेकलं जातं, पेडलखाली गेलं तर सगळ्यांचाच जीव धोक्यात. क्रेट, म्हणजे कुत्र्याला न्यायची दाराची पेटी, आमच्याकडं मिळतो, आत उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाय सोडून झोपता आलं पाहिजे एवढा, आणि तो आम्ही पट्ट्यानं बांधून देतो. हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, लावून सीटबेल्टला अडकवलं तरी चालेल, पण गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधून नको, झटका सगळा मानेवर येतो. क्रेट आठवडाभर आधी घरी घेऊन जा, दार उघडं टाकून ठेवा, जेवण त्यातच द्या, म्हणजे ट्रिपच्या दिवशी तो त्याला पिंजरा वाटणार नाही.

शी-शू साठी दीड-दोन तासांनी थांबा, दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला यापेक्षा जास्त धरवत नाही. लसी झाल्या नसतील तर आमच्याकडचा ट्रे वापरा, आणि त्यात घरचा शू केलेला पेपर किंवा अंगणातली थोडी माती टाका, वासानं त्याला लगेच समजतं.

उन्हाचं मात्र मनावर घ्या

सांगली, मिरज, जत बाजूला एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी गाठतो. उन्हात उभ्या बंद गाडीत १० मिनिटांत तापमान साधारण १० अंशांनी वाढतं, अर्ध्या तासात जवळपास २० नी, आणि खिडकी थोडी उघडी ठेवून फार फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं, आणि आतली हवाच तापलेली असली की धापांचा उपयोग राहत नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना तर आणखी त्रास. एसी चालू आहे म्हणून एकटं सोडून जेवायला जाऊ नका, लाईट गेली किंवा जनरेटर बंद पडला तर ते तुम्हाला सांगायला येणार नाही. आळीपाळीनं जेवा, एक माणूस गाडीत. खूप धापा, हिरड्या लालभडक, पाय लटपटतायत असं दिसलं तर लगेच सावलीत आणा, साध्या नळाच्या पाण्यानं अंग भिजवा, वारा घाला आणि डॉक्टर गाठा. हायवेला शिरवळमध्ये क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे हे लक्षात असू द्या, आणि जिथं मुक्काम आहे तिथल्या जवळच्या डॉक्टरांचा नंबर निघायच्या आधीच घेऊन ठेवा.

खाण्याचं

आपल्या भागाचा एक खास धोका म्हणजे द्राक्षं आणि बेदाणे. तासगावचे बेदाणे सांगलीकडच्यांच्या डब्यात असणारच, पण कुत्र्याची किडनी त्यानं निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ले तर बाधतील हे आधी सांगता येत नाही. चार पडले आणि त्यानं खाल्ले तरी डॉक्टरांना फोन करा. पाचगणीचं चॉकलेट, कांदा, लसूण, शुगर-फ्री च्युइंगम हेही नाही. कंदी पेढा पोरं हौसेनं भरवतात, मग रात्री जुलाब. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी धुऊन एखादी दिली तर चालते. नेहमीचं खाणं मात्र ट्रिपमध्ये बदलू नका.

रात्री

पिल्लाला बाहेर ऑनिंगखाली, म्हणजे गाडीच्या बाजूला ओढायच्या कापडी छताखाली, बांधून झोपू नका, आपल्या डोंगरात बिबट्या आहे आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. आत तुमच्या बेडजवळ, हात पोचेल एवढ्या अंतरावर त्याची गोधडी टाका. झोपायच्या आधी गॅसचा कॉक बंद आहे ना ते प्रत्येकानं बघायचं, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, लीक झाला तर खाली जमिनीलगत साचतो आणि तिथंच पिल्लू झोपलेलं असतं. चार्जरच्या वायरी वर घ्या, दात येतायत, चावणारच.

कुठं नेऊ नये ते पण सांगतो. कोयना अभयारण्य, चांदोली आणि एकूणच सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात कुत्रं न्यायचं नाही, आपल्या कुत्र्यांचे आजार जंगली प्राण्यांना लागतात. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथं फुलांत पिल्लू सोडायचा विचारसुद्धा करू नका. महाबळेश्वरच्या पॉइंटांवर माकडं अंगावर येतात, पिल्लू कडेवरच ठेवा. पावसाळ्यात गवतातनं आलात की रोज कानामागं, बोटांच्या मध्ये, शेपटीच्या मुळाशी गोचीड बघायचे, गोचीडतापानं चांगली चांगली कुत्री जातात.

केस झाडायचे आम्ही वेगळे पैसे लावत नाही. सीट किंवा मच्छरजाळी फाडली तर दुरुस्तीचा जो खर्च येईल तेवढा घेतो, बिल दाखवून. बुकिंगच्या वेळी पिल्लाचं वय, जात आणि लसी कुठवर आल्यात ते सांगा, लसीकरणाचं पुस्तक सोबत ठेवा, आणि गळ्यात तुमच्या मोबाईल नंबरचा टॅग घालाच. यार्डात सरावाला यायचं तर दुपारी चारनंतर या, त्या वेळेला ऊन उतरलेलं असतं आणि गाड्या धुऊन उभ्या असतात. आधी एक फोन करा, म्हणजे तुम्हाला जी गाडी मिळणार आहे तीच उघडून ठेवता येते.