कागदी कपटे व कातरकाम : कोकण किनारपट्टी

कागदाच्या तावातून कातरून, फाडून किंवा घडीवर कापून वेगळा केलेला लहान तुकडा आणि त्याचे व्यवहारातील व कलेतील उपयोग यांचा विचार या नोंदीत पालघर-वसईपासून सावंतवाडी-गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीच्या अनुषंगाने केला आहे. मराठीत अशा तुकड्याचे नाव त्याच्या कामावरून ठरते. नुसता फाटका तुकडा तो कपटा, घाईने काही खरडलेला तो चिटोरा, निरोप किंवा नाव लिहिलेली ती चिठ्ठी, वर्तमानपत्रातून कापून ठेवलेले ते कात्रण, आणि आत चिमूटभर काही बांधले की त्याच तुकड्याची पुडी होते. ‘कागद’ हा शब्द फारसीतून आला. ताव, दस्ता (२४ ताव) आणि रीम ही मोजमापे वाण्याच्या व छापखान्याच्या बोलण्यात अजून ऐकू येतात. कपट्याला मात्र माप नाही, कारण तो बहुधा कशातून तरी उरलेला असतो. पिंगुळीची चित्रकथी ही पूर्ण पानावरची चित्रकला असल्यामुळे तिचा समावेश येथे केलेला नाही.

हवा आणि कागद : या किनाऱ्यावर वर्षाला २,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कागद हा वनस्पतीच्या तंतूंचा थर असल्यामुळे तो हवेतली ओल ओढून घेतो, किंचित फुगतो आणि मऊ पडतो. पापडाला लागणारा ‘सादळणे’ हा शब्द कागदालाही तितकाच लागू आहे. सादळलेला ताव कात्रीच्या पात्यांत कापला न जाता दुमडतो, घडीची धार बसत नाही, घोटीव कागदाचा तांबडा रंग बोटांना लागतो आणि खळीने लावलेली कड दुसऱ्या दिवशी सुटते. त्यातच कसर लागते, कारण खळ म्हणजे शेवटी पीठच. येथले कागदकाम सणापुरते, हंगामापुरते किंवा एका प्रवासापुरते राहिले, ते टिकवण्यासाठी फारसे केले गेले नाही, यामागे आवडीनिवडीपेक्षा हवेचा हात मोठा आहे असे म्हणणे चुकीचे ठरू नये. गणेशोत्सव नेमका भाद्रपदात, पाऊस पुरता सरलेला नसताना येतो. त्यामुळे मखरासाठी आणलेला कागद चुलीच्या उबेला धरून कडक करून घेणे, हा कोकणातल्या घरांतला कातरकामाचा पहिला टप्पा ठरतो.

चिकटवण : सर्वांत साधी चिकटवण म्हणजे भाताचे शीत. पाकिटाची कड बंद करायला दोन शिते बोटाने चुरडून फासली की काम भागते. मोठ्या कामासाठी तांदळाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ शिजवतात. गार पाण्यात पीठ गुठळ्या मोडून कालवायचे, मंद आचेवर सतत ढवळायचे आणि पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवायची. कसरीला आळा म्हणून तिच्यात थोडे मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने अशी खळ मुलांच्या हाती देत नाहीत. भोकराच्या पिकल्या फळाचा बुळबुळीत गरही मुलांना डिंकासारखा उपयोगी पडतो. बाटलीतला डिंक आणि पांढरा फेव्हिकॉल घरोघर आल्यापासून खळ शिजवण्याचे काम सार्वजनिक मंडपापुरते उरले आहे. तिथे मात्र शेकडो पताका लावायच्या असल्यामुळे पातेलेभर खळीला पर्याय स्वस्त पडत नाही.

सणांतील कातरकाम : पताकांसाठी पतंगाच्या पातळ कागदाचे पाच-सहा ताव एकावर एक ठेवून त्रिकोण कापतात, त्रिकोणाच्या रुंद कडेला बोटभर खळ लावून ती कड सुतळीवर दुमडतात आणि ओळ सुकेपर्यंत सुतळी ताणलेली ठेवतात, सैल सुतळीवरच्या पताका वाळताना आत वळतात. झिरमिळ्यांसाठी कागद लांबीत घडी घालून, वरची दोन बोटे जागा सोडून, खालून जवळजवळ काप देत जातात. क्रेप कागद ताणला जातो म्हणून फुलांच्या पाकळ्यांना तो सोयीचा. पाकळीची कड दोन अंगठ्यांनी हलकेच ताणली की तिला आपोआप लाट येते, आणि रुखवतातली कागदी फुले याच युक्तीने होतात. जाळीदार नक्षीसाठी चौकोनी कागदाची तीनदा घडी घातली की आठ पदर होतात, म्हणजे घडीच्या कडेला दिलेला एक काप उलगडल्यावर मध्याभोवती पुन्हा पुन्हा उमटतो. चौथी घडी घातली तर पदर सोळा होतात, पण साध्या कात्रीला ते जाड जातात आणि आतले पदर सरकून नक्षी तिरकी पडते. तीन घड्यांवर थांबणे हे त्यामुळे अनुभवी हाताचे लक्षण.

दिवाळीचा आकाशकंदील हे या सगळ्या कौशल्यांचे एकत्र रूप आहे. बांबूच्या कामट्या किंवा बारीक चिव्याच्या काड्या दोऱ्याने बांधून चौकट करायची, तिच्यावर पतंगाचा कागद ताणून लावायचा, सांध्यांवर सोनेरी पट्ट्या, कडांना दुमडून केलेल्या करंज्या आणि खाली झिरमिळ्यांच्या शेपट्या. कागद ताणून लावण्याची खुबी अशी, की तो लावण्यापूर्वी ओलसर हाताने किंचित दमट करतात. सुकताना तो आखडतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा ताठ बसतो. पावसाळाभर छळणारी ओल इथे कामाला लावलेली दिसते. दिवाळी झाली की कागद फाडून टाकतात आणि कामट्यांची चौकट पुढच्या वर्षासाठी माळ्यावर जाते. गोव्यात आणि वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांत नाताळच्या चांदणीची बांधणी जवळपास हीच असते. गोव्यात तिला नखेत्र म्हणतात. मोहरमच्या ताबुतांवरही बेगड व कातरलेल्या रंगीत कागदाचे काम असते. लग्नातले कागदी बाशिंग याच कुळातले.

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर थर्मोकोलच्या वस्तूंवरही बंदी आली आणि मखरांच्या बाजारात पुठ्ठा व कागद परतले. आता बाजारात मिळणारे मखर बहुधा यंत्राने कापलेले, घडी घालून पेटीत मावणारे असते. त्याची नक्षी अचूक असते, पण एकाच गल्लीतल्या चार घरी तेच मखर दिसते, हा त्याचा दोष घरच्या कात्रीला कधी नव्हता.

फाडलेल्या कागदाचे मुखवटे : कागद कापावा की फाडावा हा प्रश्न मुखवट्यांच्या कामात खरा महत्त्वाचा ठरतो. शिमग्याच्या सोंगांसाठी, तसेच नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळल्या जाणाऱ्या नरकासुरासाठी (ही प्रथा गोव्यात मोठी आहे आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडेही आहे) मातीच्या साच्यावर कागदाचे थर देऊन चेहरा तयार करतात. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कपट्यांचा, म्हणजे मुखवटा साच्याला चिकटत नाही. त्यावर खळीत बुडवलेल्या कपट्यांचे सहा-सात थर. कपटे हाताने फाडलेलेच घेतात. कात्रीने कापलेल्या तुकड्याची कड सरळ व जाड राहते आणि रंग दिल्यावर गालावर रेघ दिसते; फाडलेल्या तुकड्याच्या कडेला तंतू मोकळे झालेले असतात, ते शेजारच्या तुकड्यात मिसळून जातात. एक थर मराठी वर्तमानपत्राचा आणि पुढचा वेगळ्या रंगाच्या कागदाचा घेतला, की कुठे जागा सुटली ते नजरेला लगेच कळते. नाकपुडी, पापणी, ओठाची घडी अशा ठिकाणी नखाएवढे कपटे लागतात. मोठा तुकडा तिथे सुरकुततो. पावसानंतरच्या कडक उन्हात मुखवटा वाळतो आणि साच्यावरून सुटताना कोरडा टपटप आवाज करतो. नरकासुराचे धड गवताचे व कामट्यांचे असते, कागदाची मेहनत असते ती चेहऱ्यावर, आणि तो चेहरा सूर्योदयाच्या आत राख होतो.

गंजिफा : कागदी तुकड्याला टिकाऊपण देण्याचा किनाऱ्यावरचा ठळक अपवाद म्हणजे सावंतवाडीची गंजिफा. कापड किंवा कागद यांचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून, घोटून, गोल कापून त्यांवर चित्रे रंगवतात आणि वर लाखेचा थर देतात. ओल आत शिरू नये ही सोय लाखेमुळे होते. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा संच असतात. प्रत्येक संचात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. मोगल गंजिफेत आठ संच व ९६ पाने असतात. पत्त्यांच्या इंग्रजी जोडासमोर हा खेळ मागे पडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना हाताशी धरून ही कला पुन्हा उभी केली. आज गंजिफा खेळण्यासाठी कमी आणि भेट म्हणून जास्त घेतली जाते.

अन्यत्र : चीनमधील कागदकापाचे उपलब्ध जुने नमुने तुर्फान परिसरात सापडले असून ते सहाव्या शतकातील मानले जातात. ही कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत २००९ मध्ये समाविष्ट झाली. मथुरेच्या सांझीत कातरलेला कागद हा रांगोळीचा साचा असतो. युरोपात १९१२ च्या सुमारास पिकासो व ब्राक यांनी कागदाचे तुकडे चित्रात चिकटवले आणि ‘चिकटवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून कोलाज हे नाव रूढ झाले. आपल्या शाळांत मात्र कोलाज हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून ‘कातरकाम व चिकटकाम’ कार्यानुभवाच्या तासाला चालत होते.

पुडी आणि चिठ्ठी : पुडी ही कोकणी व्यवहारातली सर्वांत जुनी ‘पिशवी’ म्हणता येईल. कुंकू, बुक्का, वैद्याचे चूर्ण, चिमूटभर केशर चौकोनी तुकड्याच्या मध्यावर ठेवून दोन्ही बाजू एकीवर एक आणायच्या आणि मोकळे टोक दुसऱ्या टोकाच्या खिशात खोचायचे. खळ नाही, दोरा नाही, तरी पूड सांडत नाही. ग्रामदेवतेच्या अंगाऱ्याची अशी पुडी पाकिटात घालून मुंबईच्या चाकरमान्याला पाठवण्याचा रिवाज अजून आहे. चणे-शेंगदाण्यांचा निमुळता पुडा वर्तमानपत्राचा असे. छपाईच्या शाईतले अपायकारक घटक अन्नात उतरतात म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत असे बजावले आहे. गरम वडा त्या कागदावर ठेवला की अक्षरे वड्यावर उमटतात, हे पाहिलेल्याला हा इशारा समजावून सांगावा लागत नाही.

चिठ्ठीचे दुसरे काम निवाड्याचे. भिशीत या महिन्याची रक्कम कोणाला, गावच्या बैठकीत आधी मान कोणाचा, असे प्रश्न सारख्या मापाच्या, सारख्या घडीच्या चिठ्ठ्या डब्यात हलवून सोडवतात आणि चिठ्ठी लहान मुलाच्या हातून उचलून घेतात. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडतही अशीच निघते. निवडणूक कायद्यातही या पद्धतीला जागा आहे : लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ नुसार दोन उमेदवारांना समान मते पडल्यास चिठ्ठी काढून निर्णय होतो. मुंबई महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० चा निकाल चिठ्ठीनेच लागला. चिठ्ठ्यांचे माप किंवा घडी जरा वेगळी असली तर बोटाला ती कळते, म्हणून एकाच कागदाच्या, एकाच वेळी कापलेल्या चिठ्ठ्यांचा आग्रह धरतात. हा आग्रह भांडण टाळण्यापुरता नसून न्यायाचा आहे.

पूर्वीचे एसटीचे तिकीटही याच मापाचे कागद होते. वाहकाच्या पत्र्याच्या पेटीत किमतीप्रमाणे रंगीत तिकिटांचे गठ्ठे असत आणि तो ठरावीक आकड्यांवर छेद पाडून दोन-तीन तुकडे एकत्र फाडून देई. सुटे पैसे नसले की उरलेली रक्कम तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून मिळे. कणकवलीला उतरताना ते चिटोरे दाखवून पैसे मागण्याची जबाबदारी प्रवाशाची. इलेक्ट्रॉनिक यंत्रे आल्यावर ही सोय आणि मुलांचा तिकिटे जमवण्याचा छंद दोन्ही संपले. यंत्रातून निघणाऱ्या तिकिटाची छपाई उष्णतेने होत असल्यामुळे ती काही महिन्यांत पुसट होते.

मुलांचे खेळ : पहिल्या पावसात पन्हळीखालच्या पाण्यात सोडायच्या साध्या व शिडाच्या होड्या, आणि राजा-प्रधान-शिपाई-चोराच्या चार चिठ्ठ्या सर्वत्र सारख्याच. भिरभिरे मात्र इथे थोडे वेगळे होते. चौकोनी कागदाला चारही कोपऱ्यांतून मध्याकडे काप देऊन एकाआड एक टोक मध्यावर आणायचे आणि ते टाचणीऐवजी बाभळीच्या काट्याने झावळीच्या हिरावर टोचायचे. मतलई वारा सुटला की हातात नुसते धरून उभे राहिले तरी ते फिरते.

आंब्याच्या पिशव्या : कागदाच्या तुकड्याचा सध्याचा सर्वांत मोठा कोकणी उपयोग बहुधा हापूसच्या बागेत आहे. फळे गोटी ते अंड्याच्या आकाराची असताना २५ × २० सेंटिमीटर मापाच्या कागदी पिशव्या घालण्याची शिफारस दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने केली आहे. पिशवीमुळे फळगळ कमी होते, उन्हाचा चट्टा पडत नाही, फळमाशीपासून बचाव होतो आणि सालीचा रंग एकसारखा येतो. वर्तमानपत्राची पाने कापून, खळीने दोन कडा बंद करून या पिशव्या बऱ्याच घरांत बायका फावल्या वेळात करतात. पिशवी देठाला बांधताना तोंड अगदी घट्ट आवळत नाहीत. अवकाळी सर आली की वर्तमानपत्राची पिशवी चिकटून फाटते, म्हणून अनेक बागायतदार आता जाड खाकी कागदाच्या तयार पिशव्या घेतात. झाडावरून उतरलेल्या कोऱ्या सालीच्या फळाभोवती पेटीत पुन्हा पेंढा किंवा कागदाची कात्रणे भरली जातात.