आवरणांतर्गत वृषणोच्छेदन
आवरणांतर्गत वृषणोच्छेदन ही प्रोस्टेट (अष्ठीला) ग्रंथीच्या पसरलेल्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया आहे. तीत दोन्ही वृषणांतील गर काढून टाकतात, मात्र त्यांचे बाहेरचे आवरण, अधिवृषण (वृषणाला चिकटलेली, शुक्रजंतू साठवणारी वेटोळी नळी) आणि रेतरज्जू (वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या, चेता व शुक्रवाहिनी यांचा जुडगा) जागच्या जागी ठेवतात, त्यामुळे अंडकोश रिकामा दिसत नाही.

या कर्करोगाच्या पेशी वाढीसाठी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनवर अवलंबून असतात, आणि शरीरातील ९० ते ९५ टक्के टेस्टोस्टेरॉन वृषणांतील लायडिग पेशी तयार करतात. या हॉर्मोनचा पुरवठा तोडल्यास रोग आटोक्यात येतो, हे डॉक्टर चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. त्यासाठी हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र काढायची असते ती हॉर्मोन बनवणारी ऊती, वृषणाचा आकार नव्हे. हाच विचार धरून डॉक्टर रीबा यांनी १९४२ मध्ये ही पद्धत मांडली.

अंडकोशाच्या मधल्या शिवणीवर एक छेद घेऊन वृषण बाहेर आणतात आणि त्यावरील पांढरे, चिवट आवरण (ट्युनिका अल्ब्युजिनिया) उभे चिरतात. आतला पिवळसर, तंतुमय गर बोटाने किंवा कापसाच्या बोळ्याने आवरणापासून सुटा करून मुळाशी तोडला जातो. त्यानंतर आतली बाजू खरवडून विजेच्या साहाय्याने डागतात, कारण तिथे चिकटून राहिलेल्या लायडिग पेशी हाच या पद्धतीवरील मुख्य आक्षेप आहे. काळजीपूर्वक केलेल्या शस्त्रक्रियेनंतर मात्र टेस्टोस्टेरॉन संपूर्ण वृषणोच्छेदनाइतकेच खाली येते. ते बहुधा बारा तासांच्या आत रक्ताच्या दर डेसिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली जाते. शेवटी आवरण विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात. पोकळीत साचलेल्या रक्ताची गुठळी पुढे आक्रसते आणि हाताला लहानशी, मऊ गाठ लागते. ती मूळ वृषणाएवढी नसते, हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे.

शस्त्रक्रिया स्थानिक भुलीखालीही करता येते. नंतर अंडकोशात रक्त साचणे, सूज आणि जंतुसंसर्ग हे त्रास संभवतात. अंगाची लाही होणे, कामेच्छा मंदावणे आणि हाडे ठिसूळ होणे हे हॉर्मोन घटल्याचे परिणाम आहेत, आणि बाह्य रूप राखल्याने ते टळत नाहीत.

दुसरा पर्याय म्हणजे वृषण पूर्ण काढून त्या जागी कृत्रिम वृषण बसवणे. असे पहिले वृषण, योगायोगाने १९४१ मध्येच, व्हायटॅलियम या मिश्रधातूचे बसवले गेले. पुढे सिलिकॉनची वृषणे आली. त्यांचा आकार निवडता येतो, पण ती परकी वस्तू असल्याने संसर्ग झाल्यास काढावी लागतात. अधिवृषण तेवढे राखण्याची पद्धतही वापरात आहे.

वृषणाच्या स्वतःच्या कर्करोगात ही पद्धत मुळीच वापरत नाहीत. तेथे जांघेतून छेद घेऊन वृषण रेतरज्जूसह अखंड काढतात. १९८० च्या दशकापासून हॉर्मोन रोखणारी इंजेक्शने आल्यावर प्रोस्टेटच्या कर्करोगातही वृषणोच्छेदन मागे पडले, तरी एकदाच करावा लागणारा, झटपट परिणाम देणारा उपाय म्हणून ते आजही केले जाते.